दिवा मोठा का करत नाही?

"एवढे आरसे, एवढे लेझर, आणि शेवटी स्क्रीनवर हे असलं धूसर चित्र? त्यापेक्षा दिवा मोठा का करत नाही?"

गुंतलेल्या फोटॉनांवर, म्हणजे जोडीने जन्मलेल्या आणि एकमेकांशी बांधलेल्या प्रकाशकणांवर, चालणारा मायक्रोस्कोप कुणाला दाखवला की हा प्रश्न येतोच. पेशींवर काम करणारे तर हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते. 'क्वांटम' हा शब्द ऐकून नुसती मान डोलावणाऱ्यांपेक्षा असं विचारणारे मला जास्त आवडतात.

आधी दिव्याची बाजू घेते. चांगल्या लेझरमधूनसुद्धा फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात. सरासरी ठरलेली, पण अमुक क्षणी किती पडतील याचा नेम नाही. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर शंभरेक इकडेतिकडे होणारच. म्हणजे १ टक्का. हा शॉट नॉइज. पेशीचा एखादा भाग जेमतेम ०.१ टक्का प्रकाश शोषत असेल, तर तो या गोंधळात बुडून जातो. त्याची नुसती चाहूल लागायलाही १० लाख फोटॉन हवेत, म्हणजे शंभर पट उजेड. कॅमेरा कितीही भारी घ्या, यातून सुटका नाही. तेव्हा दिवा मोठा करणं हा सरळ उपाय, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर.

आता आमची बाजू. बेरियम बोरेटच्या स्फटिकात ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर सोडला, तर फार क्वचित त्यातला एखादा फोटॉन फुटतो आणि त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. दोघांचा जन्म एकाच क्षणी, आणि दिशा एकमेकांशी बांधलेल्या. एकाला नमुन्यातून पाठवायचं, दुसऱ्याला थेट कॅमेऱ्यावर. किती निघाले होते ते दुसरा सांगतो, किती पोचले ते पहिला. वजाबाकी केली की तो पावसाचा गोंधळ बराचसा पुसला जातो. इटलीत तुरिनच्या गटाने २०१० साली हे करून दाखवलं.

कागदावर झकास. प्रत्यक्षात प्रत्येक भिंग, प्रत्येक फिल्टर थोडे थोडे फोटॉन खातो आणि जोडीदार एकटा उरतो. निम्मे वाटेत गेले की या साध्या वजाबाकीचा फायदा शून्य. आमच्या कामातला बराचसा वेळ क्वांटम गूढावर नाही, तर फोटॉनांची ही गळती थांबवण्यात जातो.

दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. २०१३ साली जपानमध्ये ताकेउची यांच्या गटाने गुंतलेल्या फोटॉनांचा मायक्रोस्कोप बांधला आणि काचेवर जेमतेम १७ नॅनोमीटर उंचीचं कोरलेलं 'क्यू' अक्षर पाहिलं. सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर, म्हणजे गोंधळाच्या तुलनेत खरी खूण किती ठळक दिसते ते, १.३५ पट सुधारलं. तुमचा प्रश्न इथे अगदी चपखल बसतो, कारण तेवढीच सुधारणा दुपटीहून कमी उजेड वाढवून मिळाली असती. काचेला काय होणार होतं?

मग २०२१ साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड विद्यापीठात, यीस्टच्या जिवंत पेशी पाहिल्या गेल्या. सुधारणा जवळपास तेवढीच, ३५ टक्के. (तिथे सुट्या जोड्या नव्हत्या, स्क्वीझ्ड प्रकाश होता, म्हणजे ज्यातला गोंधळ मुद्दाम दाबलेला असतो असा; पण फोटॉनांमधल्या क्वांटम संबंधांचा फायदा घेण्याचं तत्त्व तेच.) फरक असा की तिथला लेझर आधीच इतका प्रखर होता की आणखी वाढवला असता तर पेशी भाजली असती. दिवा मोठा करण्याची सोयच संपली होती. माझ्या लेखी पहिला प्रयोग सुंदर आहे, दुसरा उपयोगाचा.

काही ठिकाणी तर प्रश्न उजेडाचा नसतोच. २०१४ साली व्हिएन्नात झायलिंगर यांच्या गटाने १५५० नॅनोमीटरचा प्रकाश मांजराच्या आकृतीतून पाठवला आणि तो प्रकाश टिपलाच नाही. चित्र उमटलं ते त्याच्या ८१० नॅनोमीटरच्या जोडीदारांवर, जे मांजराजवळ फिरकलेही नव्हते. यातली चमत्कृती सगळ्यांना भावते. मला त्यातली सोय जास्त भावते. मध्य-अवरक्त प्रकाशात प्रथिनं आणि चरबी रंग न चढवता ओळखता येतात, पण तिथले कॅमेरे महाग आणि नॉइजने भरलेले. नमुन्याला अवरक्त दाखवून स्वतः साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याने बघता येत असेल, तर नको कशाला म्हणायचं?

आणि "दुप्पट बारकावा दिसतो" हा दावा? खरा आहे. ८१० नॅनोमीटरची जोडी काही मांडण्यांमध्ये ४०५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनासारखी वागते. २०२३ साली अमेरिकेत कॅलटेक या संस्थेत कर्करोगाच्या पेशींवर ते दाखवलं गेलं. पण मग सरळ ४०५ नॅनोमीटरचा लेझरच का लावू नये? लावा की, पेशीला तो जांभळा मारा सोसत असेल तर. शिवाय जोड्या इतक्या विरळ येतात की चित्र जमेपर्यंत पेशी जागेवर थांबायला हवी.

म्हणून कुणी नमुना घेऊन आलं की मी आधी विचारते: जिवंत आहे का, किती उजेडात मरतो, कुठल्या तरंगलांबीला बघायचाय. उत्तर "रसायनात पक्का केलेला, रंग चढवलेला, काचेवर चिकटवलेला" असं आलं, तर मी त्यांना शेजारच्या खोलीतल्या साध्या मायक्रोस्कोपकडे पाठवते. तिथला दिवा मोठा आहे.