न झालेल्या लढाईचे काँक्रीट

इंग्लंडमध्ये लेचलेडच्या खाली थेम्स नदी अजून लहानच असते. अरुंद, वळणावळणाची आणि दोन्ही तीरांना गुरांची कुरणे असलेली. तिच्या काठाने ऑक्सफर्डच्या दिशेने चालत निघाले की थोड्याथोड्या अंतराने गवतातून डोके वर काढणारी काँक्रीटची बुटकी, बहुधा षटकोनी खोली दिसते. हे दुसऱ्या महायुद्धातले, १९४० च्या उन्हाळ्यातले पिलबॉक्स, म्हणजे आत दडून शत्रूवर गोळ्या झाडण्यासाठी बांधलेल्या चौक्या. गडकोट पाहत वाढलेल्या मराठी माणसाचे लक्ष आधी भिंतीतल्या जंग्यांकडे जाते, आणि बाहेरून मोठ्या व आत निमुळत्या होत गेलेल्या त्या खाचा पाहून पहारा नेमका कोणत्या दिशेवर होता, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

जर्मन फौजेपुढे माघार घेऊन डंकर्क बंदरातून ब्रिटिश सैनिक परत आले, पण त्यांच्या बहुतेक तोफा आणि गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या. मायदेशाच्या संरक्षणाची धुरा जनरल आयर्नसाइड यांच्याकडे होती. शत्रू किनाऱ्यावर उतरलाच तर त्याचे रणगाडे आत कुठेतरी अडवायचे, या हिशेबाने त्यांनी संरक्षणाच्या रेषा आखल्या, आणि थेम्ससारखी नदी म्हणजे तर आयता खंदक. नकाशे युद्धखात्याने पुरवले, बांधकाम गावोगावच्या ठेकेदारांनी उरकले. जुलै संपण्याआधीच आयर्नसाइड यांच्या जागी ॲलन ब्रुक आले. त्यांचा भरवसा एका जागी रोवलेल्या रेषेपेक्षा हलत्या राखीव फौजेवर होता, त्यामुळे कित्येक पिलबॉक्सचे काँक्रीट पुरते पक्के होण्याआधीच त्यामागचा विचार जुना झाला. शत्रू तर आलाच नाही.

तरीही पडझड व्हायची ती होतेच आहे, आणि तिची रीत आपल्या गडांच्या पडझडीहून वेगळी आहे. गडाच्या तटात पिंपळाचे मूळ शिरते, सांधा सुटतो आणि चिरा ढासळतो. तिथे शत्रू बाहेरून येतो. इथे तो भिंतीच्या पोटातच आहे. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे आतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि ते कवच निकामी करतो. मग ओल पोहोचली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागत असल्यामुळे वरचा थर आतून ढकलला जाऊन फुटतो. ज्या सळ्यांनी भिंतीला बळ द्यायचे, त्याच तिला फोडतात. घाईच्या कामात जिथे सळई पृष्ठभागाच्या फार जवळ राहिली, तिथे आता तांबूस ओघळ उतरलेले असतात आणि त्यांच्याखाली वाटोळे गोटे उघडे पडलेले दिसतात.

जिथे पोपडे सुटलेले नाहीत, तिथे मात्र जवळ जाऊन हात फिरवावा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे इतके स्वच्छ उठलेले असतात की लाकडाच्या रेषा आणि गाठी बोटांना कळतात. त्या फळ्या कधीच्याच जळून किंवा कुजून गेल्या असतील. आत गेल्यावर ओल, चिखल, बिअरचे डबे, कोणी केलेल्या शेकोटीची काजळी. छताला झिरपत्या पाण्याने घडवलेल्या चुन्याच्या बारीक पांढऱ्या नळ्या. आणि मधोमध, आत शिरलेली गोळी उसळून सर्वांना लागू नये म्हणून घातलेली आडभिंत. सरकारी बांधकामात इतका पुढचा विचार पाहिला की मला आदर वाटतो, मग तो विचार वाया गेलेला का असेना.

नदीचे काम निराळे. वळणावर ती काठ पोखरते आणि पायाखालची माती गेली की पिलबॉक्स न तुटता, अखंड ठोकळ्यासारखा कलतो. अशा वास्तूंपैकी काहींना आता संरक्षित वारसा म्हणून नोंदवले गेले आहे, पण साऱ्यांची डागडुजी करावी असे मला वाटत नाही. आणि पाडायचे म्हटले तर भिंतीची जाडी आडवी येते. काही ठिकाणी वटवाघळांना हिवाळ्यात झोपता यावे म्हणून दार बुजवून नुसती फट ठेवली जाते. वटवाघळांच्या निवाऱ्याला १९८१ पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तिथे हातोडा घेऊन जाणाऱ्याला आधी परवानगीचा अर्ज भरावा लागेल.