मस्टँगच्या डिफरन्शियलला नवं कव्हर बसवताना

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारट पाणी गाडीच्या पोटाला चिकटून राहतं. माझ्या २००३ च्या मस्टँग जीटीच्या मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या संचाचं) पत्र्याचं कव्हर त्यानेच खालच्या कडेला खाल्लं होतं. गंजाचे पापुद्रे निघत होते आणि गिअर ऑइल पाझरायला लागलं होतं. पुन्हा पत्र्याचंच बसवायचं मनात नव्हतं, म्हणून ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर मागवलं. आणखी एक कारण होतं. फोर्डच्या या ८.८ इंची ॲक्सलला ड्रेन प्लगच नाही, तेल बदलायचं तर कव्हरच उतरवावं लागतं. नव्या कव्हरला खाली चुंबकाचा प्लग आहे, शिवाय आतली बेअरिंगं धरून ठेवणाऱ्या कॅपांना आधार देणारे दोन बोल्ट.

गाडी चारही स्टँडवर एका पातळीत घेतली आणि सगळ्यात आधी तेल भरायचा प्लग सोडवला. तो हाउसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या पेटीच्या, पुढच्या बाजूला असतो, चौकोनी खाचेचा. हा क्रम कुणीही बदलू नये. तेल सांडून बसलात आणि प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहते. माझा प्लग घट्टच होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, म्हणून लांब दांड्याला हलला.

कव्हरचे बोल्ट काढताना वरचे दोन बोल्ट चार-चार आट्यांवर तसेच ठेवले. खालची कड उचकटली की तेल धो-धो येतं, तेव्हा कव्हर हातातून निसटत नाही. त्या तेलाचा गंधकासारखा वास कपड्यांतून लवकर जात नाही. क्राउन व्हीलचे (आतल्या मोठ्या गिअरचे) दात बोटाने आणि टॉर्चने तपासले. तळाशी राखाडी, मऊ लगदा होता. तो नेहमीच्या झिजेचा. तुकडे निघाले असते तर काम तिथेच थांबवलं असतं.

खरा वेळ गेला तो पुसण्यात, आणि माझ्या मते सगळं काम त्यातच आहे. गिअरांवर स्वच्छ फडकं दाबून बसवलं, म्हणजे सांधा बंद करणारं जुनं सिलिकॉन खरवडताना आत पडणार नाही. मग प्लास्टिकच्या पट्टीने जुना थर काढला आणि ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन कड पुसली. थेट आत फवारला नाही, बेअरिंगांवरचं तेल धुऊन जातं. कड कोरडी दिसली, तरी थोड्या वेळाने खाली पुन्हा ओलसर रेघ. ॲक्सलच्या नळ्यांमध्ये राहिलेलं तेल हळूहळू उतरत राहतं आणि खालच्या कडेवर येतं. सिलिकॉन तेलावर धरत नाही, आणि गळती नेमकी खालीच सुरू होते. म्हणून रात्रभर निथळू दिलं आणि सकाळी पांढऱ्या कापडावर डाग उठेनासा होईपर्यंत पुसत राहिलो.

सिलिकॉन लावण्याआधी कव्हर कोरडंच बसवून पाहिलं. आत काही घासतं का, ब्रेकच्या नळीला लागतं का, नवे लांब बोल्ट हाताने पूर्ण आत जातात का. आधाराचे दोन बोल्ट पूर्ण मागे घेतले, नाहीतर कव्हर कडेवर सपाट बसतच नाही.

गिअर ऑइलला टिकणारं सिलिकॉन घेतलं आणि सलग एकच धार ओढली, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, प्रत्येक भोकाला वळसा घालत. जाड थर नको. आत दाबून निघालेली लड सुकली की तुटून तेलात फिरते. कव्हर लगेच बसवून बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळले, शेवटी टॉर्क रेंचने, कव्हरसोबतच्या कागदावरच्या मापाने. तेवढ्यात शेजारचे काका आले. पिंपरीत गिअरबॉक्सच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस. मला म्हणाले, "आता हात लावू नकोस रे, उद्यापर्यंत." हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं, त्यामुळे थंड, कोरड्या गॅरेजमध्ये त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. मी पुरेपूर दिला. आधाराचे बोल्टही त्यानंतरच, अगदी हलक्या टॉर्कने कॅपांना टेकवून लॉकनट आवळले. जोर लावला तर कॅपच वाकडे होतात.

त्या दिवसांत ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ केला. तो तुंबला की तापलेल्या तेलाचा दाब सीलांवर येतो आणि दोष नव्या कव्हरला मिळतो.

आधी फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं मिश्रण), कारण आत ट्रॅक्शन-लॉकच्या, म्हणजे एकच चाक घसरत फिरू नये म्हणून असलेल्या, क्लच प्लेटा आहेत, मग ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक तेल. कव्हर खोल असल्याने पुस्तकातलं माप इथे चालत नाही. पातळी हाउसिंगच्या भोकावरूनच ठरवली, कडेच्या किंचित खाली. नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये सावकाश आठच्या आकड्यात फेऱ्या मारल्या, मॉडिफायर प्लेटांमध्ये जावा म्हणून. घरी येऊन सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. गळती असेल तर पावडर तिथेच भिजते. दोन मोठे प्रवास झाले, पावडर कोरडी आहे. पुढच्या वेळी चुंबकाचा प्लग काढून बघेन, कव्हर न उतरवता.