गेट कधीच झालं होतं, पाणी यायचं होतं

अलिबाग तालुक्यात किनाऱ्याकडच्या गावांतून फिरलं की आता थोड्याथोड्या अंतरावर एक कमान दिसते. दगडी मुलामा, पहारेकऱ्याची काचेची केबिन, वर-खाली होणारा दांडा, आत शंभर पावलं पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि पुढे रान. बंगल्यांच्या वसाहतीत सगळ्यात आधी गेट बांधतात, कारण विक्री गेटवर होते. २०२१ च्या अखेरीस आम्ही रो-हाउसचा करार केला तेव्हा आमच्याकडेही तेवढंच तयार होतं. ताबा २०२३ च्या डिसेंबरात मिळणार होता, मिळाला २०२४ च्या दिवाळीनंतर. मधल्या काळात बांधकामाची प्रगती कशी तपासायची हे जे कळत गेलं, ते इथे मांडते.

समुद्राचं आधीच सांगते. माहितीपत्रकावर लाटा होत्या, पण आमच्या गच्चीतून समुद्र दिसत नाही आणि ते बरंच आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं असलेल्या क्षेत्रात येतो. त्यातल्या ना-विकास क्षेत्रात नवी घरं बांधताच येत नाहीत आणि उरलेल्या पट्ट्यातली परवानगी मुख्यतः स्थानिकांच्या घरांपुरती असते. त्यामुळे ‘वाळूवर पाय ठेवा’ म्हणणाऱ्या जाहिराती वाचल्या की मी आधी गट नंबर विचारते. आमची जमीन ५०० मीटरच्या बाहेर होती, तसा नकाशा वकिलांनी काढून दाखवला आणि तो विषय संपला.

खरा अभ्यास सुरू झाला तो बिल्डरचं पैसे मागणारं पहिलं डिमांड लेटर आल्यावर. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारात पैशांचे टप्पे ठरवून दिलेले आहेत. करार झाल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ, म्हणजे जोतं झालं की ४५ आणि स्लॅब भरून झाले की ७० टक्क्यांपर्यंत. भिंती, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. म्हणजे घराचा सांगाडा उभा राहतो तेव्हाच दोन तृतीयांशाहून जास्त पैसे गेलेले असतात. त्यातून दोन मजली रो-हाउसचे स्लॅब भराभर भरून होतात. एका उन्हाळ्यात आमच्या रांगेतली सगळी घरं छपरापर्यंत उभी राहिली. लोक ग्रुपवर ड्रोनचे व्हिडिओ टाकून एकमेकांचं अभिनंदन करत होते.

मी मात्र दर तिमाहीला महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन प्रकल्पाची कागदपत्रं उघडायचे. वास्तुविशारदाचा दाखला, अभियंत्याचा खर्चाचा दाखला आणि सीएचा दाखला असे तीन कागद तिथे असतात. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायलाही हे दाखले लागतात. वास्तुविशारदाच्या दाखल्यात दोन तक्ते असतात. तक्ता ‘अ’ इमारतीचा : खोदाई, प्लिंथ, स्लॅब, गिलावा, प्लंबिंग. तक्ता ‘ब’ संपूर्ण वसाहतीचा : अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी गटारं, सांडपाणी प्रक्रिया, पथदिवे, वीज उपकेंद्र. ड्रोनच्या व्हिडिओत दिसतं ते सगळं ‘अ’मधलं. आमच्या ‘अ’मध्ये नव्वदीच्या पुढचे आकडे आले तेव्हा ‘ब’मध्ये पाणीपुरवठ्यासमोर शून्य होतं आणि सांडपाण्यासमोरही. क्लब हाउस मात्र ऐंशी टक्के झालेलं! तेव्हापासून मी फक्त ‘ब’ वाचायला लागले. घर कुणीही बांधून देतो हो, वसाहत बांधून देणं हे काम वेगळं.

साइटवर जायची सोबत दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. तो सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरता येतं, त्यामुळे कंटाळा हे कारण उरलं नव्हतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. शटरिंगच्या फळ्यांवर सळयांची जाळी बांधून झाली होती. दादा उकिडवा बसला, खिशातून छोटी टेप काढली आणि सळईच्या खाली घातली. काही ठिकाणी सळईला फळीपासून वर धरणारे सिमेंटचे कव्हर ब्लॉक नीट होते, पण कोपऱ्यात नुसते खडीचे तुकडे सरकवलेले.

“हे काय लावलंय?” दादाने मुकादमाला विचारलं.

“साहेब, ब्लॉक संपले. उद्या लावून घेतो.”

“उद्या काँक्रीट आल्यावर कोण वाकून लावणार? आज लाव, मी बसलोय.”

आणि खरंच बसला. चहा मागवला, ब्लॉक येईपर्यंत हलला नाही. मला नंतर समजावलं की किनाऱ्याच्या हवेसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात काँक्रीटची किमान प्रत एम ३० आणि सळईवरचं आवरण ४५ मिलिमीटर सांगितलेलं आहे. आवरण कमी पडलं की हवेतला क्षार सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. घरात राहायला लागल्यावर, सहा-आठ वर्षांनी.

दादाचा दुसरा हट्ट पाण्याचा. इथल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात हे गावातल्या कुणालाही विचारा. साइटवरची बोअरही तशीच होती आणि तिचंच पाणी काँक्रीटमध्ये जात असेल ही त्याला शंका. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातलं क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. त्याने पाण्याच्या तपासणीचा अहवाल लेखी मागायला लावला. सुपरवायझर आधी हसला, मग “काकू, ऑफिसला विचारतो” म्हणाला. अहवाल यायला बराच वेळ लागला, पण त्यानंतर काँक्रीट कालवायला पाण्याचा टँकर येऊ लागला. मला तेवढं पुरेसं होतं.

पावसाळ्यात सगळं थंडावलं. जून ते सप्टेंबर इथे बाहेरचं काम होत नाही, मजूर गावी जातात. हे बिल्डरलाही करार करताना माहीत असतंच, म्हणून ‘अतिवृष्टीमुळे विलंब’ असं पत्र आलं तेव्हा मी ते फाइलला लावून ठेवलं, मानलं नाही. कोकणात पाऊस पडणार नाही अशा हिशोबाने कुणी डिसेंबर लिहून देत असेल तर तो त्याचा प्रश्न.

डिसेंबर उलटल्यावर मात्र आम्ही वीस-बावीस घरं एकत्र आलो. भांडायला नाही, पत्र लिहायला. रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार ग्राहकाला कामाचं टप्पेवार वेळापत्रक मागता येतं आणि त्यात पाणी, सांडपाणी, वीज यांचा उल्लेख नावानिशी आहे. आम्ही तेच मागितलं. ‘लवकरच’ हा शब्द चालणार नाही, तारखा द्या. सोबत कलम १८ ची आठवण : ताबा उशिरा मिळाला तर दर महिन्याचं व्याज द्यावं लागतं, तेही स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआर या कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा दोन टक्के जास्त दराने. पत्रातला हा दुसरा परिच्छेद वाचून असेल, पण पंधरवड्यात बैठक लागली. बैठकीत आम्हाला आधी क्लब हाउसचा पोहण्याचा तलाव दाखवला. एका वयस्क सभासदांनी शांतपणे विचारलं, “ह्यात पाणी कुठून आणणार?” त्यानंतर तलावाचा विषय कुणी काढला नाही.

व्याजाची रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती करून घ्यायचं ठरलं. पूर्ण नाही मिळाली, घासाघीस झाली, कोर्टकचेरी नको म्हणून बहुतेकांनी मान्य केलं. मला ते फारसं पटलं नव्हतं आणि अजूनही पटत नाही.

शेवटचे पाच टक्के भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला आल्याशिवाय द्यायचे नाहीत, असं मी कर्ज देणाऱ्या बँकेला लेखी कळवून ठेवलं होतं. “किल्ली घेऊन फर्निचर तरी सुरू करा” असे फोन बरेच आले. शेजारच्यांनी घेतली, आणि तात्पुरत्या विजेवर सुताराचं काम करताना रोज फ्यूज उडत होता. आमचं प्रमाणपत्र आलं, त्याच आठवड्यात तक्ता ‘ब’मध्ये पाणीपुरवठ्यापुढे शंभर दिसलं. मी तरी नळ सोडून पाहिला. आधी लाल गढूळ, मग स्वच्छ.

ताबा घेताना दादाने प्रत्येक बाथरूममध्ये पाणी तुंबवून उतार पाहिला, खिडक्यांचे स्लाइडर वीस वेळा सरकवले, आणि स्टेनलेस स्टीलची म्हणून लावलेल्या बिजागऱ्यांना लोहचुंबक चिकटतं का ते पाहून दोषांच्या यादीत तीन ओळी वाढवल्या. रचनेतल्या दोषासाठी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार असतो, म्हणून यादीवर तारीख आणि सही घेतली. आता ग्रामपंचायतीत घरपट्टीला नाव लावायचं चाललंय, महावितरणचा मीटर आमच्या नावावर झालाय, आणि सोसायटी नोंदणीसाठी सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. निम्मे मालक पुण्या-मुंबईला, दोघे दुबईत. सह्या काही एका फेरीत व्हायच्या नाहीत.