वीस अक्षरांच्या पुढे

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अपडेट करायला ठरवून घेतलेला रीबूट होता. व्हर्च्युअल मशीन (मोठ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) व्यवस्थित वर आलं, लॉगिन झालं, पण डेटाबेस काही उठेना. त्याच्या लॉगमध्ये एकच तक्रार: डेटा डिरेक्टरी अस्तित्वात नाही. ज्या माउंट पॉइंटवर (डिस्क जिथे जोडून दिसते त्या डिरेक्टरीत) डेटा असायचा तिथे डिस्क माउंट झालेली होती, फाइलीही होत्या, पण त्या भलत्याच. सगळ्या आर्काइव्ह केलेल्या ट्रान्झॅक्शन लॉगच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या व्यवहारांच्या साठवून ठेवलेल्या नोंदींच्या.

डेटाबेस सांभाळणारे आमचे वरिष्ठ सहकारी कॉलवर होते. त्यांनी ताबडतोब निष्कर्ष काढला: कोणीतरी डेटा डिरेक्टरी उडवली आणि लॉग चुकून इथे येऊन पडले. त्यांचं म्हणणं, जागा पुरायची नाही, म्हणून आधी हे लॉग काढून टाकू आणि शेवटच्या पूर्ण बॅकअपवरून रिस्टोअर सुरू करू. डाउनटाइमचं घड्याळ चालू होतं आणि मॅनेजर दर थोड्या वेळाने "किती वेळ लागेल?" विचारत होते. अशा कॉलवर काहीतरी करताना दिसणं हेच काम होऊन बसतं. मी म्हटलं, "सर, डिलीट करू नका. आधी ही डिस्क कोणती आहे ते बघू द्या." त्यांना ते आवडलं नाही, पण थांबले.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) व्हर्च्युअल मशीनला जी डिस्क 'दिसते' ती होस्टवरची, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवरची, एक फाइल किंवा एक लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) असते. लिबव्हर्ट हे अशी मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्याच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे मशीनचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक डिस्कचा एक तुकडा असतो: सोर्स कुठे आहे, बस कोणती, टार्गेट नाव काय, हवा असल्यास सिरियल नंबर. टार्गेटमध्ये व्हीडीबी (व्हीडीए, व्हीडीबी, व्हीडीसी ही लिनक्समधली अशा डिस्कची नावं) लिहिलं म्हणजे आत ती व्हीडीबीच होईल असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. ते नाव म्हणजे डिस्कचा क्रम सुचवणारी फक्त खूण आहे, लिबव्हर्टच्या दस्तऐवजातच तसं स्पष्ट लिहिलंय. आतलं नाव गेस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा स्वतःचा, कर्नल ठरवतो, ज्या क्रमाने त्याला डिस्क सापडतात त्या क्रमाने. म्हणूनच सिरियल द्यायचा असतो: तो गेस्टपर्यंत पोहोचतो आणि यूडेव्ह (लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देणारी सेवा) त्यावरून बाय-आयडी या डिरेक्टरीत कायम टिकणारी लिंक बनवतो. निदान टिकावी अशी अपेक्षा असते.

या मशीनला सिस्टीमची डिस्क सोडून दोन डिस्क होत्या, दोन्ही अगदी सारख्या आकाराच्या. डेटाची डिस्क पहिल्यापासून होती आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) तिची बाय-आयडी लिंक होती, म्हणजे ज्याने केलं त्याने विचार करून केलं होतं. आर्काइव्हची डिस्क नंतर चालत्या मशीनला हॉटप्लग करून जोडली गेली आणि एफएसटॅबमध्ये तिच्यासाठी सरळ व्हीडीसी लिहिलं गेलं. हे ज्याने केलं तो माणूस कामाला वेगवान आहे, आणि त्याच्या वेगाचे हिशोब नंतर दुसऱ्यांना चुकते करावे लागतात.

डीएफ (माउंट असलेल्या डिस्क आणि त्यांची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर आर्काइव्हची ओळच नाही. यावरून कॉलवर आणखी एक तर्क निघाला की आर्काइव्हची डिस्क निखळली. पण एकच डिव्हाइस दोन जागी माउंट असेल तर डीएफ सवयीने एकच ओळ दाखवतो. म्हणून मी सगळे माउंट दाखवणारं फाइंडमाउंट चालवलं आणि दोन्ही ओळी समोर आल्या: डेटाचा माउंट पॉइंट, सोर्स व्हीडीसी, आर्काइव्हचा माउंट पॉइंट, सोर्स व्हीडीसी. एकच डिस्क दोन दारांतून दिसत होती. लिनक्सला त्यात काही गैर वाटत नाही, एक्सएफएस या डिस्कवरच्या फाइलसिस्टीमलाही नाही. एकच सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मूळ नोंद) दोन्हीकडे वापरला जातो. आणि व्हीडीबी कुठेच माउंट नव्हती. खरा डेटा तिथे शांत पडून होता.

मग बाय-आयडीची लिंक व्हीडीसीकडे का? डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडला सिरियलचा रकाना दाखवायला सांगितलं, आणि दोन्ही डिस्कसमोर एकच सिरियल. अक्षरन् अक्षर तोच. होस्टवर जाऊन एक्सएमएल काढलं तर तिथे दोन वेगळे, पूर्ण सिरियल: 'अकाउंट्स-प्रॉडक्शन-डेटा' आणि 'अकाउंट्स-प्रॉडक्शन-आर्काइव्ह'. इंग्रजीत लिहिताना अकाउंट्सची आठ अक्षरं, प्रॉडक्शनची दहा, आणि दोन डॅश. बरोबर वीस. या डिस्क व्हर्टआयओ प्रकारच्या (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या), आणि व्हर्टआयओ ब्लॉक डिव्हाइसच्या स्पेसिफिकेशनमध्ये ओळखीच्या स्ट्रिंगला जागाच वीस बाइटची आहे. त्यापुढचं सगळं कापलं जातं, आणि या दोन नावांत जो काही फरक होता तो एकविसाव्या अक्षरापासून सुरू होत होता. त्यामुळे दोन्ही डिस्कची बाय-आयडी लिंक एकाच नावाची झाली, आणि ती व्हीडीसीकडे गेली.

मला राग येतो तो इथे. मर्यादा असायला हरकत नाही, कुठेतरी असणारच. पण कापताना कोणी काही बोललंच नाही. एक्सएमएल स्वीकारलं गेलं, मशीन चालू झालं, होस्टवर पाहिलं तर आजही पूर्ण नाव दिसतं. आमच्याकडच्या नावांच्या नियमात भर अशी की आधी प्रोजेक्ट, मग एन्व्हायर्नमेंट आणि सगळ्यात शेवटी डिस्कचं काम. म्हणजे जे वेगळं तेच शेपटाला. तो नियम करणाऱ्यांनी गेस्टच्या आत शिरून कधी पाहिलं नसावं.

आता दोन डिस्कचा आकार एक, सिरियल एक. होस्टवरची कोणती फाइल म्हणजे आतली व्हीडीबी हे कशावरून ठरवायचं? अंदाजाने मला एकही कमांड चालवायची नव्हती. इथे पीसीआयचा पत्ता, म्हणजे डिस्क कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते, कामी आला. हे मशीन क्यूईएमयूच्या (होस्टवर प्रत्यक्षात मशीन चालवणारा प्रोग्रॅम) जुन्या धाटणीचं, इंटेलच्या १९९६ सालच्या ४४०एफएक्स चिपसेटची नक्कल करणारं. त्यात आमच्या सगळ्या डिस्क एकाच बसवर बसलेल्या. एक्सएमएलमध्ये डेटाची डिस्क सहाव्या स्लॉटवर, आर्काइव्हची सातव्या. आत बाय-पाथ डिरेक्टरी (तिथल्या लिंक या पत्त्यावरून बनतात) पाहिली: सहावा स्लॉट व्हीडीबी, सातवा व्हीडीसी. जुळलं. व्हीडीबी तात्पुरत्या डिरेक्टरीवर रीड-ओन्ली आणि नोरिकव्हरी देऊन माउंट केली. नोरिकव्हरी आठवणीने, कारण जर्नलमध्ये (अजून पूर्ण न झालेल्या बदलांच्या नोंदीत) काही बाकी असेल तर एक्सएफएस नुसत्या रीड-ओन्ली माउंटलाही ते डिस्कवर लिहून घेतं. डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी होती. कॉलवर कोणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला.

त्यानंतर दुरुस्ती फार नव्हती. दोन्ही माउंट काढले, एफएसटॅबमध्ये दोन्हीकडे फाइलसिस्टीमचा यूयूआयडी (तिच्यातच लिहिलेला ओळख क्रमांक) लिहिला, माउंट केलं आणि डेटाबेस पहिल्या प्रयत्नात उठला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ते लॉग डिलीट झाले असते तर काय? पूर्ण बॅकअप काही दिवसांपूर्वीचा होता. तिथपासून रीबूटच्या क्षणापर्यंतचे व्यवहार पुन्हा चढवायचे तर नेमके तेच लॉग लागतात. व्हीडीबीवरचा डेटा शाबूत होता खरा, पण ती डिस्क आहे हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्या सहकाऱ्यांना डेटाबेस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो, हे मी मनापासून म्हणते. तरी डिस्क ही त्यांच्या लेखी खालची, कोणीतरी दुसऱ्याने नीट लावून दिलेली वस्तू आहे. आणि तो 'दुसरा' आमच्या टीममध्ये दर सहा महिन्यांनी बदलतो.

यूयूआयडी हा कायमचा उपाय आहे असंही मला म्हणवत नाही. डिस्क क्लोन करून त्याच मशीनला जोडली की दोघींचा यूयूआयडी एकच होतो. एक्सएफएस तेव्हा दुसरी डिस्क माउंट करायला निदान नकार तरी देतं. तो नकार मला या मुकाट कापाकापीपेक्षा शंभरपट बरा वाटतो.

बाकीची मशीन तपासली तेव्हा आणखी काही ठिकाणी अशाच जोड्या सापडल्या: वीस अक्षरांपर्यंत सारख्या, पुढे वेगळ्या. तिथले एफएसटॅब चालत्या मशीनवरच बदलले. सिरियल तसे बदलत नाहीत. एक्सएमएलमध्ये आखूड नाव लिहून ठेवलं तरी आतून केलेल्या रीबूटने ते लागू होत नाही, कारण क्यूईएमयूची प्रोसेस तीच चालू राहते. मशीन पूर्ण बंद करून होस्टवरून पुन्हा चालू करावं लागतं. त्यासाठी डाउनटाइम मागितला आहे. "सगळं चालतंय ना, मग कशाला?" असं उत्तर आलंय. मी फाइंडमाउंटच्या त्या दोन ओळी जोडून पुन्हा मेल पाठवलाय.