पिचरच्या खांद्यालाही सुट्टी हवी

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीचा हात बारा महिने चालू ठेवायचा नसतो, पिचरचा, म्हणजे बॅट धरलेल्या खेळाडूला बॉल टाकणारीचा, तर नाहीच नाही. ओहायोत राहायला आल्यापासून लेकीच्या निमित्ताने मी हे जवळून बघतेय. सोलापुरात ज्यांच्या मुली पिचिंग करतात त्यांच्या कानावर हे जावं, म्हणून आज लिहायला बसलेय.

निमित्त झालं संक्रांतीच्या फोनचं. तिळगुळाचं बोलून झाल्यावर दादाची मुलगी फोनवर आली. ती सतरा वर्षांखालच्या संघाची मुख्य पिचर. विभागीय स्पर्धा होऊन बरेच दिवस झालेत, पुढची शालेय स्पर्धा थेट पावसाळ्यात, तरी रोज संध्याकाळी दीडशे-दोनशे बॉल टाकणं सुरूच आहे. "आत्या, बॉल सोडताना इथं पुढं खुपतंय बघ," म्हणाली. व्हिडिओवर तिनं बोट ठेवलं ते खांद्याच्या पुढच्या बाजूला, जिथून दंडाच्या स्नायूची दोरी वर जाते, नेमकं तिथंच. मागून दादाचा आवाज आला, "अगं, खालून तर टाकायचाय. क्रिकेटच्या फास्ट बॉलरगत थोडंच आहे? आता सवय मोडली की हात आखडतो."

दादाला लेकीची काळजी नाही असं अजिबात नाही. तो सकाळी सहाला तिला मैदानावर सोडतो आणि संध्याकाळी ड्यूटीवरून येताना सरावावरून घेऊन येतो. पण खालून टाकलेल्या बॉलनं हात थकत नाही, ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. इथल्या आईवडिलांतही ती आहे. ती खोटी आहे हे मात्र मोजून झालेलं आहे.

विंडमिल पिचिंगमध्ये हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरतो आणि बॉल मांडीजवळ सुटतो. त्या क्षणी फिरणारा हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जात असतो, आणि त्याला जागेवर धरून ठेवायचं काम स्नायूंना करावं लागतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधल्या पिचरच्या चित्रीकरणावरून झालेल्या अभ्यासात हा ओढा शरीराच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूच्या खांद्यावर दर बॉलला ४८ किलोची ओढ. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं, की दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, विंडमिलमध्ये वरून टाकण्यापेक्षाही जास्त जोरात काम करतो. भाचीनं बोट ठेवलं ती जागा त्याच स्नायूच्या वाटेवरची. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी अजून कूर्चेची असते. मोठ्या बाईच्या हाडाला जे सोसतं ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाडाला सोसेलच असं नाही.

इथं कुणीतरी हमखास जपानच्या युकिको उएनोचं नाव घेतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिनं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ बॉल टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्णपदक आणलं. मलाही ती फार आवडते. पण तेव्हा ती २६ वर्षांची होती, आणि ते दोन दिवस तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचे होते. आपण तोच आकडा नववीतल्या मुलीच्या रोजच्या सरावाला लावायला लागलो तर ते उएनोचं अनुकरण होत नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. शाळेचा हंगाम वसंतात, मग उन्हाळाभर क्लबच्या स्पर्धा, मग शरद ऋतूतले सामने, आणि वर खासगी पिचिंगचे वर्ग. शनिवार-रविवारच्या एकेका स्पर्धेत एकच मुलगी चार-पाच सामने टाकताना मी पाहिली आहे. मुलांच्या शालेय बेसबॉलला २०१७ पासून देशभर नियम आहे, की पिचरनं किती बॉल टाकले ते मोजायचं आणि त्या हिशेबानं त्याला विश्रांती द्यायची. मुलींच्या शालेय सॉफ्टबॉलला असा देशभराचा नियम नाही. याचा मला मनापासून राग येतो. खांदा मुलीचा म्हणून तो कमी झिजतो का?

नियम नसला तरी मार्गदर्शक आकडे आहेत. क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांच्या 'स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज' या मोहिमेनं ते दिले आहेत. १३-१४ वर्षांच्या मुलीनं एका सामन्यात ८० आणि दिवसभरात ११५ च्या वर बॉल टाकू नयेत. सलग तिसऱ्या दिवशी खेळायचंच असेल तर ८०. पंधरा आणि पुढच्या वयाला सामन्यात १००, दिवसाला १४०, तिसऱ्या दिवशी १००. बारा वर्षांपर्यंतच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी एकही टाकू नये. सरावातले बॉलही बॉलच असतात. रोजचे दोनशे हे यातल्या कुठल्याच वयात बसत नाहीत. आणि इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की वाढत्या मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्यांच्या मुख्य खेळापासून सुट्टी द्यावी.

लेकीच्या कोचबाई हे अगदी कसोशीनं पाळतात. ऑक्टोबरचा शेवटचा सामना झाला आणि त्यांनी सगळ्या पिचरच्या पालकांना उभ्या उभ्या बजावलं: नाताळापर्यंत पिचिंग बंद, घरच्या अंगणातसुद्धा नाही. पहिले पंधरा दिवस मुली नुसत्या हुंदडल्या. मग आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू झाला, आणि त्यात हातापेक्षा पायाचंच काम जास्त. बॉलचा वेग जमिनीतून येतो, पायातून कमरेत, कमरेतून पाठीत आणि शेवटी हातात. पाय आणि कंबर कच्ची असली की उरलेला सगळा जोर खांदा काढतो. म्हणून बैठका, एका पायावर तोल धरून वाकणं, प्लँक, कुशीवरचा प्लँक. खांद्यासाठी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून मागे ओढणं, आणि कोपर कुशीला चिकटवून हात बाहेर फिरवणं. दिसायला हे अगदी किरकोळ. पण खांद्याच्या पात्यामागचे जे छोटे स्नायू फिरत्या हाताला लगाम घालतात ते याच व्यायामानं तयार होतात.

सुट्टी म्हणजे लोळणं नव्हे, हे सोलापूरकरांना मी वेगळं काय सांगणार! मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळाभर पीक घेत नाहीत, कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरतात, आणि मग ज्वारी पेरतात. त्या महिन्यांत रान रिकामं दिसतं, पण शेतकरी घरी बसलेला नसतो.

आता जानेवारीत सराव पुन्हा सुरू झालाय. बाहेर बर्फ, म्हणून एका जुन्या गोदामात जाळ्या लावून चालतो. मुली एक गुडघा टेकून बसतात आणि जेमतेम दहा फुटांवरून फक्त मनगटानं बॉल सोडतात. बॉलवर मधोमध काळ्या टेपची पट्टी गुंडाळलेली. बॉल नीट फिरला तर पट्टी एक सरळ रेघ दिसते, मनगट वाकडं पडलं तर ती डगमगते. कोचबाईंनी काही बोलायची गरज पडत नाही, पोरीला स्वतःलाच कळतं. आमच्या लेकीनं पहिल्या आठवड्यात एका वेळी पंचवीस-तीसच बॉल टाकले, तेही असेच बसून. मग उभं राहून अर्धा गोल, मग पूर्ण गोल पण निम्म्या जोरानं. अंतरही हळूहळू वाढवायचं. मोठ्या मुलींचं ४३ फुटांचं पूर्ण अंतर काही आठवड्यांनी येतं, आणि पूर्ण वेग त्याच्याही नंतर. राइज, ड्रॉप असले फिरकीचे प्रकार सगळ्यात शेवटी. दोन पिचिंगच्या दिवसांमध्ये एक दिवस मोकळा. घाई करणाऱ्या बाबांना कोचबाई गोदामाच्या बाहेर बसवतात, आणि ते मला फार पटतं.

हे सोलापुरात कसं बसवायचं? मला वाटतं आपलं वर्ष याला इथल्यापेक्षा जास्त सोयीचं आहे. आपल्या शालेय स्पर्धा जुलै-ऑगस्टपासून सुरू होतात, तालुका किंवा शहर, मग जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या मुली सोडल्या तर संक्रांतीपर्यंत बहुतेकींचा हंगाम आटोपलेला असतो. सिद्धेश्वरांची यात्रा झाली, गड्डा म्हणजे तिथली जत्रा उठायला लागली, की पिचरचा बॉल कपाटात जाऊ दे. तिथून मार्चच्या मध्यापर्यंत पिचिंग नाही. दहावी-बारावीच्या मुली तशाही परीक्षेत असतात. या काळात दुसरा खेळ खेळायला सगळ्यात चांगला, आणि त्यासाठी आपल्याला बास्केटबॉलचा हॉल शोधायला नको. खो-खो आहे. वेळापूरच्या खो-खोचं नाव तर राज्यभर आहे. पायात ताकद येते, वळणं, वाकणं, झेपावणं येतं, दम वाढतो, आणि पिचिंगचा हात निवांत राहतो. पोहणं मात्र मी या दोन महिन्यांत बेतानंच ठेवीन, कारण त्यातही खांदाच राबतो.

मार्चच्या मध्यापासून महिनाभर व्यायाम, आणि एप्रिलच्या मध्यावर बॉल हातात. उन्हाळी शिबिरात पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं टाकायला लावू नका. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, नऊनंतर तर मैदान तापून निघतं. पिचिंग सकाळी सात-साडेसातच्या आत उरकावं, बाकीचं सावलीत. मेअखेरीपर्यंत पूर्ण अंतर, जूनमध्ये शाळा उघडताना पूर्ण वेग. जुलैपर्यंत हात तयार होतो. आखडत नाही, हे दादाला मी परत परत सांगतेय.

खाण्याचंही बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. दमलेली पिचर आळशी नसते, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. सुट्टीचे महिने त्यासाठी चांगले. भाकरी, हुलगे, पालेभाज्या, अंडी, वर लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा नको. शेंगाचटणी आपल्याकडे असतेच. झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका, परीक्षेतसुद्धा.

दुखणं ओळखायचं कसं, हे मला इथं येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. व्यायामानंतर दंड-मांड्या भरून येतात, दोन दिवसांत मोकळ्या होतात, त्याचं काही नाही. पण एका बोटानं दाखवता येईल असं खांद्यात, कोपरात दुखत असेल, बॉल सोडतानाच दुखत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर त्याच दिवशी पिचिंग थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. मलम चोळून खेळवायचं नाही. मुली दुखणं सांगत नाहीत, संघातून काढतील म्हणून. त्यामुळे बघावं लागतं: बॉल उंच जायला लागतात, पाऊल आखूड पडतं, दोन बॉलमध्ये ती खांदा गोल फिरवून बघते. भाचीचं हे सगळं दादानं पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. आता ती डॉक्टरांकडे जाऊन आलीय. बायसेप्सच्या दोरीला सूज आहे, फाटलेलं काही नाही. सहा आठवडे पिचिंग बंद.

राहता राहिला भाचीच्या संघाच्या सरांचा प्रश्न. सरांकडे एकच पिचर आहे. स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकतात, दिवसात दोन-तीन सामने पडतात, आणि ते सगळे या एका पोरीवर. सरांना दोष देऊन काही होणार नाही. मैदान, वेळ, पैसा, सगळ्याचीच त्यांना ओढाताण आहे. पण दुसरी आणि तिसरी पिचर स्पर्धेच्या तोंडावर तयार होत नसते. ती याच रिकाम्या महिन्यांत तयार होते. मुख्य पिचर सुट्टीवर असताना लांब हातपायांच्या, चिकाटीच्या दोन नव्या मुलींना मनगटाचं काम शिकवायला घ्यावं, तेही मोजूनमापून. भाचीला बॉल टाकायला बंदी आहे, पण टेपची पट्टी सरळ फिरते का ते बघायला नाही. दादा सोमवारी सरांना भेटणार आहे. आठवीतल्या दोघींची नावं तिनं स्वतःच काढून दिलीत.