अहिराणी गेमसाठी वर्गणी : पैसा येतो कसा, अडतो कुठे

भंडाऱ्याची किंवा सप्ताहाची वर्गणी मागायला आलेल्याला खान्देशात फार समजवावं लागत नाही. कोण मागतंय, कशासाठी आणि हिशेब कुठे लागणार, हे देणाऱ्याला ठाऊक असतं. अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत गेम बनवून तो फुकट खेळायला देणाऱ्यांनी हातभार मागताना हीच तीन उत्तरं आधी द्यावीत. एवढं करूनही पैसा अडतो, आणि बहुतेक वेळा तो भरण्याच्या वाटेवरच अडतो.

इच.आयओ (itch.io) या छोट्या गेमकर्त्यांच्या साइटवर किमान किंमत शून्य ठेवून सुचवलेली रक्कम लिहिता येते. साइटचा वाटा मुळात १० टक्के असतो आणि तो तुम्हाला शून्यापर्यंत खाली आणता येतो. माझ्या मते तो १० टक्केच राहू द्यावा, कारण ती साइट टिकणं आपल्याच कामाचं आहे. खरी गळती दुसरीकडे आहे. पैसे पोचवणारी कंपनी प्रत्येक व्यवहाराला साधारण ३ टक्के आणि वर ठरावीक ३० सेंट कापते. एका डॉलरमधले ३३ सेंट असेच जातात, पाच डॉलरमधले मात्र ४५ सेंटच. म्हणून सुचवलेली रक्कम एक डॉलर ठेवू नका, तीन ते पाच ठेवा.

गेम फक्त ब्राउझरमध्ये चालत असेल तर खेळणारा थेट खेळायला लागतो. पैशांची चौकट उघडते ती डाउनलोडच्या वेळी. त्यामुळे अँड्रॉइड किंवा विंडोजची फाइलही सोबत ठेवा, आणि ब्राउझरमधल्या गेमच्या शेवटच्या पडद्यावर हातभाराचं बटण द्या. बटण अहिराणीतच असू द्या : ‘खेय आवडना व्हई ते हातभार लावा.’

आता जळगावचा चाहता. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा बंद केली. ‘पैसे थेट माझ्या पेपालवर’ हा पर्याय निवडला असेल तर अमेरिकेतला माणूस देऊ शकतो, भुसावळचा नाही. इच.आयओने पैसे गोळा करून नंतर तुम्हाला द्यायचे, हा दुसरा पर्याय आहे. त्यात आधी कराची माहिती भरावी लागते. तिथे पॅन नीट भरा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर जास्त कर कापला जाऊ शकतो. दरमहा वर्गणीचंही तसंच. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरून आपोआप जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू झाले, आणि परदेशी साइटवरचे मासिक हप्ते अडू लागले. इथल्या चाहत्यांकडून दरमहा मागण्यापेक्षा प्रत्येक नव्या भागाच्या वेळी एकदाच मागा, तेही युपीआयने.

युपीआयवर देणाऱ्याचा एक पैसाही कापला जात नाही, त्यामुळे २१ रुपयेसुद्धा पूर्ण पोचतात. पण फोनवर खेळणारा त्याच फोनवरचा क्यूआर स्कॅन करणार कसा? म्हणून क्यूआरखाली आयडी कॉपी करायचं बटण हवंच. हा आयडी मोबाइल नंबरचा नको, वेगळा बनवून घ्या, नाहीतर तुमचा नंबर सगळ्यांकडे जातो. रक्कम आधीच भरून ठेवू नका. आणि या पैशांसाठी बचत खातं वेगळं ठेवा. घरखर्चात मिसळलेल्या शंभर छोट्या जमा मार्चमध्ये वेगळ्या काढणं फार जड जातं.

हे पैसे भेट नाहीत, तुमच्या कामाचं उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवायचं असतं. परदेशी पैशासाठी ‘डोनेशन’ हा शब्द वापरूच नका, कारण परदेशी देणग्यांना वेगळा कायदा आहे. गेमची किंमत, सोबत चित्रांचं पुस्तक किंवा संगीताची फाइल, असं काहीतरी देऊन विक्री म्हणूनच नोंदवा. रक्कम वाढू लागली की सीएला एकदा दाखवा.

मागण्याआधी अक्षरं तपासा. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ३ क्रमांकाच्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात, गोडो ४ मध्ये नीट जुळतात. पण ब्राउझरसाठी गेम काढताना देवनागरी फॉन्ट गेममध्येच घालावा लागतो, कारण तिथे फोनमधला फॉन्ट मिळत नाही. नोटो सान्स देवनागरी मोफत आहे. पहिल्याच पडद्यावर चौकोन दिसले तर पुढे कुणी पैसे देणार नाही.

वेळ आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची चांगली. लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-पुण्याची पोरं गावी असतात आणि फोन हातोहात फिरतो. नवा भाग आठ दिवस आधी तयार ठेवा.

देणाऱ्याला काय द्यायचं? ड्वार्फ फोर्ट्रेस हा गेम टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी २००६ पासून फुकट दिला आणि चाहत्यांच्या पैशांवर वर्षानुवर्षं चालवला. विकत मिळणारी आवृत्ती थेट डिसेंबर २०२२ मध्ये आली. पैसे देणाऱ्याला ते खडूने काढलेलं चित्र किंवा छोटी गोष्ट पाठवायचे. आपल्याकडे गेमच्या शेवटी नावाचा फलक लावा आणि नावापुढे गाव लिहा : चोपडा, शिरपूर, तळोदा. जमा किती, खर्च कशावर, हे दर तीन महिन्यांनी त्याच पानावर टाका. नाव छापण्याआधी मात्र विचारा, आणि ज्याला नको असेल त्याच्या जागी ‘एक हितचिंतक, पारोळा’ एवढंच लिहा.