शून्य नेमकं कुठलं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी मला एक काम दिलं: हार्टनॉल, हर्झोग आणि होरोविट्झ यांच्या २००८ च्या पेपरमधला आकडा स्वतः काढून आणायचा. अँटी-डी सिटर अवकाशातलं (म्हणजे ऋण वक्रतेच्या, सीमा असलेल्या अवकाशातलं) कृष्णविवर, भोवती विद्युतभारित स्केलर क्षेत्र (प्रत्येक बिंदूला नुसती एक संख्या, दिशा नाही). तापमान पुरेसं उतरलं की ते क्षेत्र आपोआप उगवतं, आणि होलोग्राफीच्या हिशोबाने, म्हणजे आतलं गुरुत्व हे सीमेवरच्या पुंज सिद्धांताचंच दुसरं रूप मानलं की, सीमेवरचा पदार्थ अतिवाहक होतो. हे क्रांतिक तापमान भारघनतेच्या वर्गमुळाच्या ०.११८ पट यायला हवं होतं. माझं आलं ०.२२६.

म्हटलं, कुठेतरी २ ने भागायचं राहिलं. सकाळभर वही घेऊन बसले. जेवताना एका सीनियरने पोळी मोडता मोडता विचारलं, "दोन्ही आकडे भागून बघितलेस?" भागले. १.९२. दोन विसरल्यावर १.९२ कसं येईल?

चारच्या सुमाराला सापडलं. सीमेजवळ क्षेत्राचे दोन भाग पडतात. एक सीमेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात विरतो, दुसरा अंतराच्या वर्गाच्या. मला पहिल्याचा सहगुणक शून्य करायचा होता. पण नमपायचं पॉलीफिट (पायथनमधलं बहुपदी बसवून देणारं फंक्शन) मोठ्या घाताचा सहगुणक आधी देतं, आणि मी डोळे झाकून यादीतला पहिला उचलला होता.

ओशाळून मॅडमकडे गेले. त्यांनी पेपर उघडून माझ्यापुढे सरकवला. ०.२२६ तिथेच छापलेला! मी आपला हवा तो आकडा टिपून मोकळी झाले होते.

"अगं, हेही उत्तरच आहे. दुसऱ्या सिद्धांताचं."

इथे क्षेत्राच्या वस्तुमानाचा वर्ग, अवकाशाच्या वक्रतेच्या एककात, −२ आहे. ऋण असला तरी या अवकाशात −९/४ पर्यंत चालतो. ही ब्राइटनलोनर-फ्रीडमन मर्यादा. −९/४ आणि −५/४ यांच्या मधे असाल तर दोन्ही शून्यं वैध (पहिला सहगुणक शून्य करा किंवा दुसरा), हे क्लेबानोव्ह आणि विटन यांनी १९९९ मध्ये दाखवलं. गुरुत्वाची समीकरणं तीच, कृष्णविवर तेच. पण सीमेवरच्या ऑपरेटरची (या क्षेत्राची तिथली जोडीदार राशी) मिती एकीकडे १, दुसरीकडे २. म्हणजे दोन निराळे पुंज सिद्धांत. आतलं गुरुत्व आणि सीमेवरचा सिद्धांत यांच्या नात्याला आमच्यात सर्रास 'डिक्शनरी' म्हणतात, त्यामुळे एका शब्दाला एकच अर्थ असणार असं मी धरून चालले होते. हा शब्द नवख्यांना फसवतो, असं माझं मत तेव्हापासून आहे.

मी उठले, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता कुठलाच सहगुणक शून्य ठेवू नकोस. एक सहगुणक दुसऱ्याच्या पटीत धर आणि ती पट बदलत जा. बघ तापमान कुठून कुठे सरकतं."